वंडाऱ्याचे चार तास

"पन्नास मिनिटं," सायली म्हणाली आणि प्रिंटरमधून निघणाऱ्या कागदाकडं वळली.

एवढंच झालं. औरंगपुऱ्यातल्या त्या तिकिटांच्या दुकानात पंखा फिरत होता, खाली गल्लीत एक रिक्षावाला दुसऱ्याला "मियाँ, जरा पीछे लो" म्हणत होता, काचेच्या टेबलाखाली चारधामची रंगीत चित्रं दाबून बसवली होती, आणि भानुमतीच्या मांडीवर प्रदोषासाठी घेतलेल्या बेलाच्या पानांची पिशवी जशी होती तशीच होती. ती आली होती रामेश्वरची दोन तिकिटं काढायला. घराच्या वरच्या मजल्यावरची सायली इथं कामाला, म्हणून ओळखीनं. गाड्यांची यादी उघडायला वेळ लागत होता, तेवढ्यात सायलीनं सहज विचारलं, "काकू, तुमचा चिन्मय उडत असतो ना तिकडं ऑस्ट्रेलियात? कुठून कुठं हो?" भानुमतीनं दोन्ही नावं सांगितली, मंत्रातले शब्द सांगावेत तशी, एकेक अक्षर सुटं करून. पोर्ट एल्सम. वंडारा. सायलीची बोटं चालली. "तीनशे दहा किलोमीटर. अय्या, एवढंच? आपल्या चिकलठाण्यावरून मुंबईला जातं विमान, त्याच्याहून जरासंच लांब की." आणि मग ती पन्नास मिनिटं.

"चार तास लागतात," भानुमती म्हणाली. तिचा आवाज मुळातच असा की समोरच्याला वाकून ऐकावं लागे.

"नाही हो काकू. चार तासांत तर मुंबईहून निघालेला माणूस दुबईत उतरून चहा पिऊन होईल." सायली हसली. "कुणी सांगितलं तुम्हाला चार तास?"

भानुमतीनं पिशवीचं तोंड आवळलं आणि खालच्या बर्थचं काय झालं ते विचारलं. पुढं तिला वाटत राहिलं, सायलीचा तो शेवटचा प्रश्न तिथंच धरून ठेवला असता तर चार दिवसांची वणवण वाचली असती. पण त्या वेळी तो प्रश्न तिच्या अंगावरून पाण्यासारखा गेला. तिच्या कानात पन्नासचा आकडा बसला होता आणि चारातून पन्नास मिनिटं वजा करण्याचं काम मन आपोआप करत होतं. तीन तास दहा मिनिटं. एक प्रहर आणि वर दहा मिनिटं. रिक्षात बसल्यावर तिनं पुन्हा हिशेब केला, बोटांच्या पेरांवर, जप मोजतात तसा. तेवढंच उरलं.

तीन वर्षांपूर्वी चिन्मय त्या खाणीच्या नोकरीवर गेला तेव्हा त्यानं एक फोटो पाठवला होता. पत्र्याची शेड, एक बाकडं, मागं लाल माती आणि त्या मातीवर चिमणीएवढं विमान. "हे वंडाऱ्याचं एअरपोर्ट, आई. आणि पोर्ट एल्समचंही असंच, फक्त तिथं समुद्र आहे." वैजनाथ, तिचे यजमान, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले होते, "भंडारा म्हणतोय का हा?" आणि एकटेच हसले होते. भानुमतीला हसू आलं नव्हतं. ती त्या फोटोतलं बाकडं बघत होती. माहेरी सोयगावच्या जुन्या स्टँडवर असंच बाकडं होतं. त्याच संध्याकाळी तिनं तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडला: दर दुसऱ्या सोमवारी पोर ज्या वेळी आभाळात असेल, त्या वेळी माझ्या तोंडात अन्न नाही, पाणी नाही, शब्द नाही. परत येताना तो कंपनीच्या गाडीनं जमिनीवरून येई, आणि जमिनीची तिला भीती नव्हती. फक्त आभाळाची होती. आभाळात माणूस कुणाच्याच गावात नसतो.

तिच्या आयुष्यात व्रतं म्हणजे काही अवघड गोष्ट नव्हती. घड्याळाला काटे असतात तशी ती होती. सोमवार, प्रदोष, चतुर्थी, चातुर्मासात एक पदार्थ सोडणं, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही. कुणी विचारलं तर ती सांगतही नसे. नुसतं "आज मला नको" म्हणे. पण हे व्रत तिचं तिला वेगळं वाटे. बाकीची व्रतं पंचांगावर चालत, हे एका मुलाच्या शरीरावर चालत होतं. आणि पंचांगात वेळ छापलेली असते. ह्याची वेळ कुणाला विचारायची? चिन्मयला विचारणं तर शक्यच नव्हतं. निघणाऱ्या माणसाला कुठं, किती लांब, किती वेळ असं टोकू नये, हे तिच्या आईनं तिला चालायला शिकवताना शिकवलं असावं. दारातून बाहेर पडणाऱ्याला ती आजवर "जा" म्हणाली नव्हती आणि "कुठं" म्हणाली नव्हती. "ये" एवढंच म्हणे.

तर त्या पहिल्या सोमवारी सात वाजता चिन्मयचा फोन आला, "निघालो आई." ती "ये" म्हणाली आणि देवघरासमोर पाटावर बसली. साडेसात झाले, आठ झाले. घसा कोरडा. जप चालू. अकरा वाजता आवाज आला, "पोचला." तिनं भांडंभर पाणी प्यायलं, ते पोटात उतरताना थेट कळलं, आणि तिला वाटलं, असंच उतरलं असेल ते विमान. तेव्हापासून सात ते अकरा. सत्तरच्या वर सोमवार. मे महिन्यात जीभ टाळूला चिकटलेली, एकदा डोळ्यांपुढं काजवे, एकदा ताप. आणि आता कळत होतं की पोर आठाच्या आधीच उतरून कुठंतरी चालत होता. जमिनीवर होता. मग ती कुणासाठी आभाळात होती?

बुधवार ते शनिवार हे चार दिवस तिनं चिन्मयवर संशय घेण्यात घालवले. स्वतःच्या मुलावर संशय घेणं तिला जमत नव्हतं, म्हणजे सुरुवात कशी करायची ते कळत नव्हतं. पण मनात पाल एकदा चुकचुकली की ती भिंतीमागं जाते, गप्प होत नाही. तीन तासांत काय होत नाही? तीन तासांत माणूस एक पूर्ण दुसरं आयुष्य जगून येऊ शकतो. तिनं त्या पत्र्याच्या शेडमागं एक घर उभं केलं. त्याच्या दाराशी एक बाई उभी केली. गोरी करून पाहिली, सावळी करून पाहिली. मग तिला लाज वाटली आणि तिनं ती बाई पुसून टाकली, तर तिथं दवाखाना आला. पोराला काहीतरी आहे, दर पंधरा दिवसांनी त्याला नळ्या लावून झोपवतात आणि तो आईला कळू देत नाही. हे जास्त वाईट होतं, म्हणून तिनं पुन्हा बाई आणली. बेल धुताना हे. फुलवाती वळताना हे. शिवलीलामृताची ओळ डोळ्यांखालून जाई आणि अर्थ शेडमागच्या घरात जाई. रोज दुपारी चिकलठाण्याहून उठलेलं विमान तिच्या सिडकोतल्या घरावरून आवाज करत जातं, ते त्या गुरुवारी तिनं पहिल्यांदा वेळ लावून ऐकलं. वरणाला फोडणी दिली, भात उतरवला, पानं घेतली, आवरलं. आत्ता मुंबईला टेकलं असेल, ती मनात म्हणाली. केवढासा वेळ! वरणभात होईपर्यंतचा.

एकुलतं एक पोर खोटं बोलतंय, ह्यापेक्षा दुसरी एक गोष्ट तिला आतून कुरतडत होती, आणि तिला ती नीट बघवत नव्हती. देवाला सांगून बसलेले ते तास. खोट्या वेळेवर सोडलेला संकल्प पोचतो का? चुकीच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र जसं कुठंतरी पडून राहतं, तसे ते सगळे सोमवार कुठं पडून असतील? तिचा देव तिच्या दृष्टीनं फार वक्तशीर होता. ह्याचा पुरावा तिच्याजवळ होता आणि तो तिनं कितीतरी बायकांना सांगितलेला होता, हळू आवाजात, प्रसाद वाटताना.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीचं ते. चिन्मय चार वर्षांचा. तिनं श्रावणात सोळा सोमवार धरले होते आणि मार्गशीर्षातल्या सतराव्या सोमवारी उद्यापन होतं. गव्हाच्या पिठाचा चुरमा, तूप, गूळ. त्याचे तीन भाग, एक देवाला, एक गायीला, एक आपल्याला. दोन मेहुणं जेवायला. वैजनाथ पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात होते, ते त्या दिवशी जेवायला लवकर घरी आले. सगळं यथासांग झालं. मेहुणं तृप्त होऊन गेली, गायीनं हातातून घास घेतला, आणि ती जरा पडते म्हणून आडवी झाली, तेव्हा वैजनाथ तिच्याजवळ येऊन बसले. "सोयगावहून फोन आला आत्ता ऑफिसात. शिपाई सांगत आला. दादांचं काही खरं नाही." दादा म्हणजे तिचे वडील. तेव्हा सोयगावला दुपारनंतर दोनच गाड्या होत्या, दोनची आणि पाचची. चार वाजून गेले होते. पाचच्या गाडीनं ती पोचली तेव्हा सव्वाआठ झाले होते, अंगणात लोक उभे होते, आणि वहिनी तिला कवेत घेऊन म्हणाली, "पाऊण तास झाला गं. दुपारपासून तुझंच नाव घेत होते." पाऊण तास. तो पाऊण तास तिनं पुढं वर्षानुवर्षं तोंडात धरून ठेवला. शेवटी त्याचा एक अर्थ लागला आणि तिला शांत झोप लागायला लागली. निरोप दोन तास आधी आला असता तर चुरमा तसाच टाकून ती पळाली असती, सोळा सोमवारांचं पाणी झालं असतं. देवानं निरोप थांबवला. व्रत पुरं होऊ दिलं आणि मगच सोडलं. वडील गेले, ते जाणारच होते; पण देवानं तिला आपल्या हातानं सावरलं. त्या दिवसावर तिचा पुढचा सगळा देवधर्म उभा होता.

शनिवारी भांडी घासायला पारूबाई आली. पाचोडची, तोंडाची मोकळी. भानुमतीकडं बघून म्हणाली, "बाई, लई वाळल्या तुम्ही. सोमवार सोमवार करून एक दिस वाऱ्यानं उडून जाताल."

"काही होत नाही."

"आन साहेबांना सांगा की जरा गप बसायला. तुम्ही मौनात, आन त्ये बोलत्यात बोलत्यात, थांबतच नाईत. दर सोमवारी म्या ऐकती. पार गंगेला पूर."

भानुमतीच्या हातातलं फडकं थांबलं. "कुणाशी बोलतात? फोनवर?"

"फोनवर कशाला? तुमच्याशीच की!" पारूबाई खो खो हसली. "घ्या. बायकू समूर बसलेली आन तिलाच ठावं नाय. बाई, तुमचं ध्यान म्हंजी लईच पक्कं वो."

"काय बोलतात?"

"आता म्या नळ सोडून ऐकू व्हय? आठ दिवसांनी येतंय पाणी. आधी पिपं भरू का साहेब ऐकू?"

वैजनाथ बोलतात, ही गोष्ट भानुमतीला सायलीच्या पन्नास मिनिटांइतकीच परकी वाटली. ते बोलणारे नव्हते. अडतीस वर्षांत त्यांनी लांबलचक असं काही सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. निवृत्तीनंतर तर पेपर, चहा, नळ, पेपर. आणि ती जपाला बसली की तिला खरंच काही ऐकू येत नसे. ही तिची लहानपणापासूनची देणगी होती. नाम सुरू झालं की कानांना आतून कड्या बसत. दारात बँड वाजला तरी कळत नसे. ह्याचा तिला थोडा अभिमानही होता, आणि त्या अभिमानाबद्दल ती अधूनमधून देवाची क्षमा मागत असे. आता तिला वाटलं, आपल्या पाठीमागं दर सोमवारी कुणीतरी घरात येऊन जातं आणि आपण कडी लावून बसतो.

रविवारी चिन्मयचा फोन आला तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडली, म्हणजे तिरकी केली. "बाळा, विमानात खायला-बियला देतात का रे?"

"कसलं खायला, आई! बिस्किटाचा पुडा देतात, तो फोडेपर्यंत उतरायची वेळ होते." तो हसला. मागं कुणीतरी इंग्रजीत ओरडलं. "का गं? डबा पाठवतेस का?"

"नाही. सहज."

"बाबांना मी उतरल्या उतरल्या कळवतो, तू काळजी करू नकोस."

उतरल्या उतरल्या. फोन ठेवल्यावर ती उभीच राहिली. शेडमागचं घर, दारातली बाई, दवाखाना, नळ्या, सगळं एका क्षणात जमीनदोस्त झालं आणि त्या धुळीतून पलीकडं तिला आपलंच घर दिसलं. काखेत कळसा. समोरच्या खुर्चीत वैजनाथ शब्दकोडं सोडवत होते. पेन्सिलीचं टोक जिभेला लावायची त्यांची जुनी सवय. चार तास हे शब्द चिन्मयचे कधी नव्हतेच. त्या पहिल्या सोमवारी तिनं पाटावरून खुणेनं विचारलं होतं, किती? आणि ह्यांनी चार बोटं दाखवली होती. "लांब आहे," म्हणाले होते. "वाळवंट आहे सगळं." ती त्या चार बोटांवर तीन वर्षं बसली.

आता तिला ज्या माणसाकडं बघायचं होतं तो तिला कधीच दिसलेला नाही असं वाटायला लागलं. जेवताना त्यांचा हात आमटीच्या वाटीकडं जाई तेव्हा ती तो हात बघे. ह्या हातात आठला दहा कमी असताना निरोप येतो, आणि अकरापर्यंत हा हात तो दाबून धरतो. माझी जीभ सुकते ते बघत. कशासाठी? चांगुलपणानं? कुणी चांगुलपणानं कुणाला तहानेलं ठेवतं? मला देवासमोर बसवून हे काय करतात? एकदा तिला वाटलं, सरळ विचारावं. पण विचारलं की उत्तर येईल, आणि उत्तर तयार करून दिलेलं येईल. ती गप्प राहिली. गप्प राहणं तिला येत होतं.

सोमवारी सातला फोन वाजला. "निघालो आई." "ये," ती म्हणाली. नेहमीसारखं तळहातावर पाणी घेतलं, सोडलं, पाटावर बसली. हातात माळ घेतली. फक्त नाम सुरू केलं नाही.

देवघरात महादेवाची काचेची तसबीर आहे. तिच्या काचेत मागची खोली उलटी दिसते, हे तिनं आज पाहिलं. खुर्ची, खिडकी, खिडकीतला उन्हाचा तुकडा आणि पेपरामागं वैजनाथ. महादेवाच्या जटांवरून त्यांचं टक्कल चमकत होतं. तिनं मणी सरकवला. एक. दोन. मोकळे मणी, आत काही नसलेले. त्यांचा आवाज इतका कोरडा असतो हे तिला माहीत नव्हतं. समई चरचरली. स्वयंपाकघरात पारूबाईनं पातेलं आपटलं, मग आज लवकर आटपून दार ओढून ती गेली. घड्याळाचा काटा तिला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू येत होता.

आठला दहा कमी. फोन थरथरला.

काचेत वैजनाथांनी फोन उचलला, चष्मा कपाळावर चढवला, वाचलं. एका बोटानं काहीतरी लिहिलं. फोन पालथा घातला. मग त्यांनी तिच्या पाठीकडं पाहिलं, आणि ते बघणं तिला काचेतून समोरून लागलं. पोचला. लेक जमिनीवर आला. व्रत संपलं होतं. पाणी हाताशी होतं, तांब्याच्या भांड्यात, फुलपात्रानं झाकलेलं. आतापर्यंत मौन होतं. ह्यापुढं ती दबा धरून बसली होती.

वैजनाथांनी पेपराची घडी घातली.

"पेपरात काही नाही आज," ते म्हणाले. साध्या आवाजात. जेवणाच्या टेबलावर कुणी बोलावं तसं. "नळ उद्या येणार म्हणतात, पण गेल्या वेळीही उद्याच म्हणत होते." मग गुडघ्याचं झालं. मग रामेश्वरच्या गाडीत वरचा बर्थ मिळाला तर कसं चढायचं ते झालं. मणी सरकत होते. भानुमतीला जवळजवळ हसू आलं: एवढ्यासाठी? मला चार तास तहानेलं ठेवून हा माणूस नळाचं बोलतो? साडेआठ झाले, नऊ झाले. ते मधे थांबत, खिडकीबाहेर बघत, पुन्हा एखादं वाक्य काढत. ऑफिसातला कुणी शिपाई वारला त्याचं. चिन्मयला लहानपणी मारलं होतं एकदा, त्याचं. वाट माहीत असलेला माणूस जसा न बघता पायऱ्या उतरतो तसे ते उतरत चालले होते, हे तिला हळूहळू कळलं. हे रोजचंच होतं. पायऱ्या ठरलेल्या होत्या.

"तर शिपाई निरोप घेऊन आला," ते म्हणाले, "आणि मी तसाच सायकल काढून घरी आलो. तुला सांगायलाच आलो होतो, भानू. हे मी दर वेळी सांगतो, पण खरंच सांगायलाच आलो होतो. तू चुरमा मळत होतीस. कोपरापर्यंत तूप. तोंडावर असं काही होतं की... आता कसं सांगू. म्हटलं, पोरीनं सोळा सोमवार काढलेत. सतरावा मोडायला नको. दादा त्याआधी दोनदा असेच हाताबाहेर जाऊन परत आले होते. म्हटलं, येतील. मग मेहुणं आली. मग वाढायला घेतलं. एकदा बोलायची वेळ गेली की मग प्रत्येक घासाला ती आणखी लांब जाते. गायीला तू घास द्यायला गेलीस तेव्हा मी दारात उभा होतो, तेव्हा सांगणार होतो. नाही सांगितलं. तू पडलीस तेव्हा सांगितलं, आणि म्हटलं, आत्ता फोन आला."

भानुमतीची बोटं एका मण्यावर थांबली. तिनं त्यांना पुढं ढकललं.

"आणि मग तू लोकांना सांगायला लागलीस, देवानं निरोप थांबवला. मी काय बोलणार मधे? तू मला देवाच्या जागी उभं केलंस आणि तुला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं तोवर माझा जीव जात होता." खिडकीतलं ऊन त्यांच्या गुडघ्यावर आलं होतं. "पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी किती घाबरलो होतो. चार बोटं दाखवली ती त्यासाठीच, तेही सांगितलं तुला त्याच दिवशी. पन्नास मिनिटांत दादांच्या गोष्टीपर्यंत पोचणं मला जमलं नसतं. वाटलं, अकराला मौन सुटलं की तू रडशील, नाही तर शिव्या देशील, माहेरी निघून जाशील. तू उठलीस, पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, दोडका चिरायचाय. मी समजलो. पोटात घातलंस. आणि पुढच्या सोमवारी, विमान पन्नास मिनिटांचं आहे हे ठाऊक असून, पुन्हा चार तास माझ्यासाठी बसलीस. अशी बाई..."

आता तिला सगळं ऐकू येत होतं. समईतलं तेल. वरच्या मजल्यावर सायलीच्या सासूचं खुर्ची ओढणं. सत्तर सोमवार हा माणूस तिच्या पाठीशी कबूल होत होता आणि ती देवाचं नाव कानांत कोंबून बसली होती. आणि हा समजत होता की ही क्षमा आहे. तिला आधी त्यांची दया आली, मग तिलाच स्वतःची भीती वाटली, कारण दयेच्या पाठोपाठ जे आलं ते फार थंड होतं. तिनं तसबिरीकडं पाहिलं. महादेव नेहमीसारखा डोळे मिटून होता आणि त्याच्या पोटात खुर्चीत एक म्हातारा बसला होता. निरोप थांबवणारा देव तो हा. पायजम्याची नाडी लोंबणारा. पंचवीस वर्षं तिनं ह्याला फुलं वाहिली. दुपारपासून तुझंच नाव घेत होते, वहिनी म्हणाली होती. दुपारपासून म्हणजे कधीपासून? हे तिनं तेव्हा विचारलं नव्हतं. उत्तर देवापाशी होतं आणि देवाला कोण विचारतं? आणि आज ह्यांनी सगळं सांगितलं. तूप सांगितलं, गाय सांगितली, दार सांगितलं. तेवढं एक गाळलं. शिपाई किती वाजता आला ते. सत्तर वेळा सांगताना सत्तर वेळा गाळलं असेल का?

तास-दीड तास गेला. उन्हाचा तुकडा गुडघ्यावरून जमिनीवर आला, जमिनीवरून पाटाच्या कडेशी आला. तिला काय करता येईल ते तिला स्पष्ट दिसत होतं. अकराला उठायचं, पाणी प्यायचं, भाजीचं बोलायचं. ते निवांत जेवतील. रामेश्वरला जोडीनं समुद्रात उभं राहायचं, पुढच्या सोमवारी कानांना कड्या लावून बसायचं. घर होतं तसं राहील. देवही राहील, थोडा ओढूनताणून. तिनं फक्त ऐकलं नाही असं समजायचं. आणि ऐकलं नाही असं समजणं ही तर तिची लहानपणापासूनची देणगी.

अकराचे ठोके पडले.

वैजनाथ खुर्चीतून उठले, फोन हातात घेतला, न बघता. "पोचला गं चिन्मय," ते म्हणाले. "ऊठ. पाणी घे."

तिनं माळ गोमुखीत ठेवली. फुलपात्र उचललं, भांड्यातलं पाणी त्यात ओतलं, आणि ते हातात धरून पाटावरच वळली. समोरासमोर त्यांचा चेहरा काचेतल्यापेक्षा म्हातारा होता, आणि मोकळा होता, नुकत्याच आंघोळ केलेल्या माणसासारखा. दोडक्याची वाट बघणारा.

"कधी?" भानुमती म्हणाली.

अडतीस वर्षांत हा शब्द तिनं त्यांना विचारला नव्हता. वैजनाथांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग हातातल्या फोनकडं पाहिलं, मग तिच्या डोळ्यांकडं. तिथं त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा हळूहळू मागं सरकला, आणि तीन वर्षं आपण कुणाशी बोलत होतो हे त्यांना त्या एका क्षणात कळलं असावं. फोन धरलेला हात खाली आला. आठला दहा कमी, एवढं सांगून ते सुटू शकत होते.

"एक वाजता," ते म्हणाले.

तिच्या हातातलं पाणी हललं नाही.

"दोनची गाडी होती," भानुमती म्हणाली, इतक्या हळू की ऐकायला त्यांना वाकावं लागलं.